गाइडलाइन मोडली म्हणजे कायदा मोडला का? (मनोविकार, डॉक्टर आणि कोकण)

खाडीकाठ

मी चिपळूणच्या बाजूला मनोविकारतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करतो. इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत आणि त्याहून जास्त पेशंटांचे नातेवाईक आहेत, म्हणून विषय इथेच काढतोय.

निमित्त आहे एका सहकाऱ्याला आलेली नोटीस. नाव-गाव विचारू नका, सांगणार नाही. नोटिशीचा सूर असा, की इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या गाइडलाइन्सप्रमाणे तुम्ही उपचार दिले नाहीत, सबब तुम्ही निष्काळजी. त्यावरून आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपात दोन तट पडले. एकाच्या मते गाइडलाइन म्हणजे वेदवाक्य, दुसऱ्याच्या मते ती रद्दी, कायदा थोडाच आहे. मला दोन्ही पटत नाही.

मुळात गल्लत आहे ती तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्याची. सोसायटीची क्लिनिकल प्रॅक्टिस गाइडलाइन (डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांच्या सुधारित आवृत्त्या २०१७ मध्ये आल्या) हा व्यावसायिकांनी व्यावसायिकांना दिलेला सल्ला. तो मोडला म्हणून शिक्षा असं कुठल्याही कायद्यात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मात्र कायदा. तो मोडला तर कलम १०८ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिसरी गोष्ट मधली. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून तपासणी) गाइडलाइन्स नावाने गाइडलाइन्सच आहेत, पण त्या वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांना परिशिष्ट म्हणून जोडल्यात. त्या मोडल्या तर मेडिकल कौन्सिल विचारू शकते. म्हणजे कागदाच्या मथळ्यावरून काही कळत नाही, तो कुठे टाचलाय ते बघावं लागतं.

आता एक गंमत. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रत्येक खटल्यात ज्या ब्रिटिश निकालाचं नाव येतं, तो बोलमचा निकाल (१९५७) मनोरुग्णालयातलाच आहे. जॉन बोलम नावाच्या डिप्रेशनच्या पेशंटला लंडनच्या फ्रियर्न हॉस्पिटलात विजेचे शॉक दिले. स्नायू सैल करणारं औषध दिलं नाही, हातपाय नीट धरले नाहीत, धोक्याची कल्पनाही दिली नाही. आचके इतके जोरात आले की दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या खोबणी मोडल्या. बोलम हरला. कारण त्या काळी असं औषध वापरावं की नाही यावर डॉक्टरांतच दोन मतं होती, आणि जबाबदार डॉक्टरांचा एक गट तुमच्यासारखंच वागत असेल तर तुम्ही निष्काळजी नाही, असं न्यायाधीश मॅकनेअर यांनी ज्युरीला सांगितलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) हीच कसोटी उचलून धरली.

पण तोच शॉक आज भारतात भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता दिला, तर त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ खाली थेट बंदी आहे. तिथे शंभर डॉक्टर साक्षीला आणून उपयोग नाही. जिथे कायदा बोलतो तिथे बोलम संपतो. जिथे कायदा गप्प आहे आणि फक्त गाइडलाइन बोलते, तिथे खरा वाद आहे.

आणि तिथेच कोकण येतं. हर्णैच्या बोटीवरचा खलाशी. बायपोलर, मॅनियाचे म्हणजे उन्मादाचे जोरदार झटके. कुठलीही गाइडलाइन उघडा, लिथियम पहिल्या रांगेत. पण लिथियम म्हटलं की रक्तातली पातळी तपासणं आलं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनांत पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, शिवाय थायरॉइड आणि किडनी. हा माणूस एकदा गेला की आठ-दहा दिवस समुद्रात. उन्हात घाम गाळणार, पाणी कमी पिणार, कंबर धरली की आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक घेणार. या दोन्ही गोळ्यांनी आणि पाणी कमी झाल्यानेही लिथियम अंगात साठतं. हात थरथरायला लागले, तोल जायला लागला, उलट्या सुरू झाल्या तर बोटीवर त्याला 'समुद्र लागला' म्हणतील.

मी लिथियम दिलं नाही. केसपेपरवर हे लिहिलं:

'लिथियमबद्दल पेशंट व भाऊ यांना माहिती दिली. महिन्यातले बरेच दिवस बोटीवर, रक्ततपासणी वेळेवर होणार नाही. अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेतो. तूर्त व्हॅल्प्रोएट. जूनमध्ये मासेमारीबंदी लागली की लिथियमचा फेरविचार.'

माझं म्हणणं एवढंच की गाइडलाइनच्या बाहेर जाणं हा दोष नाही. का गेलो याचा कागदावर मागमूस नसणं हा दोष. वकील मंडळींनी माझे कान पकडावेत.

वकील_रत्नांग्री

कान पकडण्यासारखं फारसं नाही, पण थोडं जोडतो. मी दोन्ही बाजूंनी उभा राहतो, तक्रारदाराच्याही आणि डॉक्टरच्याही.

ग्राहक आयोगात गाइडलाइन कशी येते? 'भंग केला, दोषी' अशी येत नाही. ती पुरावा म्हणून येते, बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या मतासोबत. मग उलटतपासणीत पहिला प्रश्न: डॉक्टर, ही तुम्हाला माहीत होती का? 'नाही' म्हटलं तर पंचाईत, 'हो' म्हटलं तर पुढचा प्रश्न तयारच असतो: मग पाळली का नाही? इथे तुमच्या केसपेपरच्या त्या चार ओळी लाख मोलाच्या. तीच गोष्ट दोन वर्षांनी शपथपत्रात सांगितली तर समोरचा वकील म्हणतो की ही पश्चातबुद्धी.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या गाइडलाइन्समध्ये खुलासाच असतो, की हा काळजीचा कायदेशीर मापदंड समजू नये. बचावाचा वकील तो मोठ्याने वाचतो. वाचू दे. ती तळटीप न्यायालयाला बांधत नाही, आयोग बघायचं ते बघतोच.

याच मुद्द्यावर गाजलेलं अमेरिकेतलं प्रकरण म्हणजे ओशेरॉफ विरुद्ध चेस्टनट लॉज. रफाएल ओशेरॉफ स्वतः किडनीचे डॉक्टर. १९७९ मध्ये तीव्र डिप्रेशनसाठी चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात भरती झाले. सुमारे सात महिने नुसतं मनोविश्लेषण, गोळी नाही. वजन उतरलं, येरझाऱ्या घालून पायांना फोड आले. दुसऱ्या रुग्णालयात औषधं सुरू झाली आणि काही महिन्यांत माणूस कामावर परतला. त्यांनी दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे निकाल असा नाहीच. पण पुराव्यावर आधारलेला उपचार उपलब्ध असताना 'आमच्या पंथात असंच करतात' हे उत्तर चालेल का, यावर तिथल्या मनोविकारतज्ज्ञांत जो वाद पेटला तो वर्षानुवर्षं धुमसत राहिला.

फौजदारीची भीती मात्र अनेकांना उगाच वाटते. जेकब मॅथ्यूप्रमाणे त्यासाठी निष्काळजीपणा ढळढळीत लागतो, आणि पोलिसांनी पुढे जाण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, निष्पक्ष मत घ्यावं असं न्यायालयाने सांगितलंय. पेशंट दगावला तर १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या मृत्यूसाठी त्यात कमाल दोन वर्षं, इतरांना पाच.

फणसगरा

म्हणजे बोलमचा अर्थ हाच ना, की परीक्षा डॉक्टरची, पेपर तपासणारे डॉक्टर आणि पास-नापासही डॉक्टरच ठरवणार? गाइडलाइन लिहिणारेही तेच, कंपन्यांच्या खर्चाने परिषदांना जाणारे. आमच्यासारख्याने विश्वास कशावर ठेवायचा?

वकील_रत्नांग्री

@फणसगरा, बोलमला नंतर वेसण बसलीय. ब्रिटनमध्येच १९९७ च्या बोलिथो निकालात सांगितलं, की चार डॉक्टर एका सुरात बोलले म्हणून पुरत नाही, त्यांचं मत तर्काला टिकलं पाहिजे. आणि आपल्याकडे पत्नीच्या मृत्यूवरून डॉक्टरांशी लढलेल्या कुणाल साहांचं प्रकरण आठवा. स्टिरॉइडच्या मात्रेवरून अनेक वर्षं लढाई, वैद्यकीय साहित्याचा ढीग न्यायालयापुढे, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास सहा कोटींची भरपाई दिली. छापील पुरावा तज्ज्ञाच्या तोंडी मताला भारी पडू शकतो. म्हणून गाइडलाइन पेशंटच्या हातातलंही हत्यार आहे, हे डॉक्टर मंडळी विसरतात.

खाडीकाठ

कंपन्यांचा मुद्दा खरा आहे, मी तो खोडणार नाही. चांगल्या गाइडलाइनमध्ये लिहिणाऱ्यांचे हितसंबंध जाहीर केलेले असतात. नसतील तर मीठ लावूनच वाचावी.

दुसरं म्हणजे गाइडलाइन बदलते. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापीन घेणाऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, म्हणून ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला, नंतर महिन्याला. अमेरिकेत त्यासाठी सक्तीची नोंदणी होती, ती तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, २०२५ मध्ये काढून टाकली. तपासणीचा सल्ला राहिला, सक्ती गेली. कोर्टाने बघायचं ते उपचाराच्या दिवशी काय ज्ञान होतं ते, खटल्याच्या दिवशी काय आहे ते नाही.

तारकर्लीकरीण

डॉक्टरांनू, वकीलसायबांनू, मी मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

माझ्या भावाक क्लोझापीन चालू आसा. आदी लय डॉक्टर झाले, देवस्की झाली, काय उपेग नाय. ह्या गोळयेन तो माणसात इलो, ह्या खरा. पण रगत तपासूक सांगतत ता कशाक, ह्या आमका कोणीच सांगूक नाय. चिठी इंग्रजीत, सही घेतल्यानी ता कागद पण इंग्रजीत. आमका वाटला लॅबवाल्याचा कमिशन आसतला. एष्टीन जावचा, अख्खो दिस मोडाचो, म्हणान मदी दोन म्हयने गेलवच नाय. मगे एक दिस भावाक ताप इलो, घसो धरलो. आमी तापाची गोळी दिली. शेजारची नर्स इली ती म्हणाली, 'गो, ह्या गोळयेवर आसताना ताप इलो तर आदी पांढऱ्यो पेशी बघूक होयत.' बघितल्यानी, ठीक होत्यो, देवान राखल्यान.

आता माका सांगा, कायतरी झाला आसता तर आमची सही आसा म्हणान डॉक्टर सुटलो आसतो काय?

वकील_रत्नांग्री

ताई, नुसत्या सहीवर नाही. साध्या निष्काळजीपणाच्या कायद्यात समीरा कोहली निकालात (२००८) पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती सांगितलीय. मानसिक आरोग्याच्या कायद्यातली व्याख्या त्याच्याही पुढे जाते: धोके, फायदे, पर्याय हे सगळं त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने सांगून घेतलेली संमती. तुम्हाला मालवणीत सांगितल्याशिवाय इंग्रजी फॉर्मवर घेतलेली सही कमकुवतच.

खाडीकाठ

तारकर्लीकरीण ताई, तुमच्या पोस्टने माझा मूळ मुद्दा अर्धा पाडला, आणि बरं झालं. मी केसपेपरबद्दल बोलत होतो, म्हणजे डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहिलेलं. घरच्यांच्या हातात काय जातं ते मी धरलंच नव्हतं. क्लोझापीनच्या गाइडलाइनचा सगळा जीव 'ताप आला तर लगेच रक्त' या एका वाक्यात आहे. ते वाक्य घरापर्यंत पोचलं नाही, तर केसपेपर कितीही सुबक असो, गाइडलाइन पाळली असं मी तरी म्हणणार नाही.

फॅमिली_डॉक्टर

गुहागर तालुक्यात जनरल प्रॅक्टिस. मला रोज पडणारा प्रश्न विचारतो. बाई येते, नवरा पिऊन मारतो, म्हणते, 'डॉक्टर, आमटीत घालायची गोळी द्या.' एसटी स्टँडच्या भिंतीवरही जाहिरात, 'पेशंटला न कळता दारू सोडवा'. नाही म्हटलं तर ती दुसरीकडून आणतेच. अशा वेळी काय करायचं?

खाडीकाठ

डॉक्टरसाहेब, नाहीच म्हणायचं, आणि तेही ठामपणे. त्या 'गोळी'त डायसल्फिराम असेल तर तो प्यायल्यावर दारूचं शरीरातलं पचन मध्येच अडकतं, ॲसिटाल्डिहाइड साठतं. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणजे बाईने सोमवारी घालणं थांबवलं, आणि पुढच्या आठवड्यात शिमग्याला हा प्यायला, तरी धोका आहेच. हे औषध पेशंटला कळवून, त्याच्या संमतीनेच द्यायचं, यावर कुठल्याही गाइडलाइनमध्ये दुमत नाही. इथे कायदा, गाइडलाइन आणि साधी अक्कल तिन्ही एका बाजूला आहेत, असं फार कमी वेळा होतं.

त्या बाईला मात्र रिकाम्या हाताने पाठवू नका. मारहाणीसाठी संरक्षण अधिकारी आहे, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. नवरा यायला तयार नसेल तर बाईला एकटीला माझ्यासारख्याकडे पाठवा, घरच्यांनी कसं वागावं याचंही समुपदेशन असतं.

स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला चहातून थेंब घालणं हा याहून अवघड प्रश्न. घरोघरी चालतं, आम्हाला माहीत असतं. माझ्या पिढीच्या अनेक डॉक्टरांनी त्याकडे काणाडोळा केला. २०१७ च्या कायद्यात घरच्या घरी लपवून औषध देण्याला वाट ठेवलेली नाही. पेशंटची निर्णयक्षमता नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याच्या) अर्जावर कलम ८९ खाली भरती, हा रस्ता आहे.

वॉर्डातली_ताई

तो रस्ता कसा आहे ते वॉर्डातून सांगते. मी मनोरुग्णांसाठी समाजसेवक म्हणून काम करते, कुठे ते राहू दे.

कलम ८९ ची भरती म्हणजे एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. मुदत तीस दिवस. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत मंडळाला (मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ) कळवायचं, बाकीच्यांचं सात दिवसांत. शहरात ठीक. तालुक्याला दुसरा मनोविकारतज्ज्ञ नसतो, पण कायदा दुसऱ्या जागी साधा एमबीबीएस चालवतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. त्यामुळे रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवणं एवढाच पर्याय आहे असं धरून चालतात. राज्यात अशी चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि आपलं. पावसात घाट बंद असताना रात्री जीप करून पेशंट नेणारे नातेवाईक मी पाहिलेत.

खरी पंचाईत होते ती आंब्याच्या हंगामात. बागेवर राखणीला नेपाळी माणूस. बागमालक आणून सोडतो: तीन रात्री झोपला नाही, झाडांशी बोलतो, कोयता घेऊन फिरतो. नातेवाईक कोणी नाही. घरचा फोन लागत नाही. मालक म्हणतो, सही मी करतो. करू द्यायची का? कलम १४ मध्ये क्रम दिलाय. त्याने आधी नेमलेला असेल तो, मग नातेवाईक, मग सांभाळणारा, मग मंडळ नेमेल ती योग्य व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस. पगार देणारा मालक आपोआप 'सांभाळणारा' होत नाही. अनेकदा त्याला ब्याद टाळायची असते, कधी पगारही थकलेला असतो. मी मालकाची सही आणून सोडणारा म्हणून घेते, प्रतिनिधी म्हणून घेत नाही. तोवर उपचार थांबतात का? नाही. जीव धोक्यात असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत आणीबाणीचा उपचार देऊ शकतो. फक्त त्यात शॉक बसत नाही.

आणि बांधणं. साखळी तर कलम ९५ नेच बंद. तमिळनाडूत एरवाडीला २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळदंडातली माणसं पळूच शकली नाहीत, २८ जण गेले. हाताला मऊ पट्टी बांधायची वेळ आली तरी कलम ९७ प्रमाणे कारण, वेळ, कोणी सांगितलं हे सगळं नोंदवायचं आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. रात्रपाळीला एक सिस्टर आणि भरलेला वॉर्ड असेल तेव्हा ही नोंद सकाळी 'भरली' जाते. कागद पूर्ण असतो, पण तो कधी लिहिला हे विचारलं की सगळे गप्प.

वकील_रत्नांग्री

ताईंच्या ७२ तासांवर एक खोच. ईशान्येकडच्या राज्यांना आणि हिमाचल-उत्तराखंडसारख्या डोंगरी राज्यांना प्रवासाची अडचण म्हणून या कायद्यात ७२ चे १२० तास करून दिलेत. आंबा घाट खचला आणि कुंभार्ली बंद पडला तरी कोकणाला ती सवलत नाही. कायदा करणाऱ्यांना डोंगर दिसले ते हिमालयातलेच!

दापोलीकर_मुंबईत

मी अंधेरीत, बाबा दापोलीला एकटे. डिप्रेशनचं औषध मुंबईच्या डॉक्टरांचं. दर महिन्याला त्यांना आणणं शक्य नाही. व्हिडिओवर बघून डॉक्टर चिठ्ठी देतात. हे कायदेशीर आहे ना?

खाडीकाठ

आहे. २०२० पासून सरळ परवानगी आहे. डॉक्टरने पेशंटची ओळख पटवायची, संमती नोंदवायची, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालायचा. काही औषधांवर मर्यादा आहेत, झोपेच्या काही गोळ्या त्यात अडकतात, तेव्हा डॉक्टर 'हे व्हिडिओवर लिहीत नाही' म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. फक्त बोलणं डॉक्टर आणि तुमच्यात नको, डॉक्टर आणि बाबांच्यात होऊ द्या. आणि रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीत बोलतात.

फणसगरा

सगळं वाचलं. थोडक्यात डॉक्टरांसाठी संदेश: भरपूर लिहा आणि सुटा. उद्यापासून प्रत्येक केसपेपर दहा पानी आणि पेशंटकडे बघायला वेळ नाही. बरोबर?

खाडीकाठ

हा धोका खराच आहे, आणि तो सुरूही झालाय. सॉफ्टवेअरमध्ये तयार परिच्छेद असतात: 'धोके व फायदे समजावून सांगितले, पेशंटने समजल्याचे सांगितले.' चाळीस पेशंटांना तोच मजकूर चोप्य-पस्ते. असला कागद डॉक्टरला वाचवत नाही. वकीलसाहेब, बरोबर ना?

वकील_रत्नांग्री

शंभर टक्के. मी तक्रारदाराचा वकील असेन तर त्याच दिवशीचे इतर पाच केसपेपर मागवायचा अर्ज करतो. सगळ्यांवर एकच वाक्य निघालं की उलटतपासणी संपली. याउलट 'बोटीवर असतो, अंगदुखीच्या गोळ्या घेतो' हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या पेपरवर येऊच शकत नाही. ते खरंच त्या दिवशी बोलणं झाल्याचं लक्षण.

औषधवाला_देवगड

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. गणपतीत चाकरमानी येतात, गोळ्यांचं पाकीट मुंबईत विसरलेलं. 'मामा, रिकामी पट्टी आहे, द्या ना एक, आपलंच दुकान.' झोपेची अल्प्राझोलाम असेल तर एच-१ यादीतल्या औषधांचं रजिस्टर आहे, चिठ्ठीशिवाय देत नाही, सरळ सांगतो. पण लिथियम किंवा क्लोझापीन? नाही दिलं तर सणात माणूस बिघडेल, दिलं तर मी अडकेन. आणि वर ज्या अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल लिहिलंत त्या तर अर्ध्या गावाला मीच देतो. लिथियमवाला कोण हे मला कसं कळणार?

खाडीकाठ

मामा, विनाचिठ्ठी देऊ नका. त्याच्या डॉक्टरला तिथूनच फोन लावायला सांगा, बहुतेक जण व्हॉट्सॅपवर सहीची चिठ्ठी पाठवतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे त्याला आता आधार आहे. क्लोझापीन दोन दिवसांहून जास्त चुकलं असेल तर जुना डोस एकदम सुरू करायचा नसतो, पुन्हा थोड्यापासून चढवावं लागतं. त्यामुळे पट्टी बघून देणं तिथे खरंच घातक. अंगदुखीच्या गोळीचं मात्र तुमच्याच हातात आहे. 'वेड्याची गोळी चालू आहे का' असं विचारू नका, 'रोजची कुठली गोळी चालू आहे' एवढं सगळ्यांनाच विचारा.

तारकर्लीकरीण

माका आणि एक विचारूचा होता. भावाचे जुने कागद आमका होये. पयल्या हास्पिटलात मागलव तर म्हणतत, 'मनोरुग्णाचे कागद देत नाय, गुप्त आसतत.' खरा काय?

वकील_रत्नांग्री

गुप्त आहेत ते तिऱ्हाइतापासून, पेशंटपासून नाही. कलम २५ खाली स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा त्याला हक्क आहे. एखादी नोंद दिल्याने त्याला गंभीर मानसिक त्रास किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता असेल तर तेवढीच रोखता येते, आणि त्यावर मंडळाकडे दाद मागता येते. शिवाय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे मागणी आल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. भाऊ आता बरा आहे तर अर्जावर त्याचीच सही घ्या. आणि त्याच बैठकीत साध्या कागदावर तुम्हाला प्रतिनिधी नेमल्याचं त्याच्याकडून लिहून सही किंवा अंगठा घेऊन ठेवा, त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. पुढे कधी बिघडलं तर धावपळ वाचेल.

तारकर्लीकरीण

बरा. सोमवारी जातंय. अर्ज मराठीत चलता मां?

वकील_रत्नांग्री

चालतो. दोन प्रती करा, एकीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर करून पोचपावतीसह पाठवा.